आई म्हणाली, चेष्टाच आहे

मामी गेल्याचं मामांना कळलं तेव्हा ते हॉस्पिटलच्या तळघरात चादरींना इस्त्री करत होते. तिथं एक मोठा गरम रोलर आहे. एका बाजूनं ओलसर चादर घालायची, दुसऱ्या बाजूनं ती कडक होऊन बाहेर येते. मामांची उभी हयात त्या रोलरसमोर गेली होती. लाँड्रीतले, वॉर्डातले, सगळेच त्यांना मामा म्हणत आणि त्यांच्या बायकोला मामी.

त्या दिवशी दुपारी सिस्टर स्वतः खाली आल्या. सिस्टर कधी तळघरात उतरत नाहीत, फोन करतात. मामांना वाटलं, चादरींची गाडी पुन्हा लिफ्टमध्ये अडकली.

"दार जरा आत ढकलून मग ओढायचं, म्हणजे उघडतं," ते रोलरवरची नजर न काढता म्हणाले.

"मामा, मशीन बंद करा आणि वर चला," सिस्टर म्हणाल्या. "मामींना आणलंय."

'आणलंय' म्हणाल्या, 'आल्यात' म्हणाल्या नाहीत, हे जिना चढताना मामांच्या लक्षात आलं.

वरच्या हॉलमध्ये नंबर लावून बसलेल्या लोकांसमोर भिंतीवर टीव्ही चालू होता. एका कार्यक्रमाचा आदल्या संध्याकाळचा भाग पुन्हा दाखवत होते. पडद्यावर मामांची मुलगी ठमी रिकामी ताटली घेऊन उभी होती आणि विचारत होती, "माझा चमचा कुणी घेतलाय का?" टेबलाभोवती बसलेले सगळे एका सुरात म्हणाले, "सुट्टे नाहीत." हॉलमधले लोक हसले. पायाला प्लास्टर घातलेला एक माणूस तर ठसका लागेपर्यंत हसला. मामा त्या हसण्यातून वाट काढत हॉलच्या टोकाच्या कापडी पडद्यामागं गेले. तिथं मामी होत्या. अंगावर खालच्याच लाँड्रीतली चादर होती.

मामींचं कपडे दुरुस्त करायचं दुकान होतं. सैल झालेलं आवळायचं, आखूड झालेलं उसवून सोडायचं. त्या दुपारी एक गिऱ्हाईक पँटच्या मुडपणीसाठी समोर थांबलं होतं. मामी मशीनवर वाकल्या त्या वर आल्याच नाहीत. गिऱ्हाइकाला वाटलं, सुई शोधतायत. बिचारा बराच वेळ गप्प उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत जे करायचं असतं ते सगळं उरकलं. माणसं पांगली. मामींची धाकटी बहीण तेवढी घरात राहिली. तिनं चहा केला, तो कुणी प्यायलं नाही, आणि मग तिनं विचारलं, "दाजी, ठमीला कसं कळवायचं?"

मामांच्या डोक्यात दुपारपासून तेवढं एकच होतं.

ठमी बसमध्ये कंडक्टर. दिसायला चारचौघींसारखी, आवाज मात्र भोंगा. फुकट प्रवास करणाऱ्या एका सुटाबुटातल्या माणसाला तिनं भर बसमध्ये असं काही सुनावलं की कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि ते सगळीकडं फिरलं. मग चॅनेलचा फोन आला. त्यांचा तो घराचा कार्यक्रम. नावाजलेली माणसं एका घरात कोंडून घालतात, भिंतीभिंतीत कॅमेरे, बाहेरची बातमी आत नाही, फोन नाही. दर आठवड्याला लोक मतं देतात, कमी मतं पडतील तो बाहेर. त्यात दरवर्षी एक साधं माणूस घेतात. यंदा ठमीला घेतलं.

मामांच्या मनात नव्हतं. पण मामी हटून बसल्या. म्हणाल्या, "जन्मभर लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणतेय पोरगी. एकदा तिला सरकू दे की पुढं."

मामींचं हृदय कमजोर आहे असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ठमीचा पाय त्यामुळंच निघत नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी जेवताना मामी तिला म्हणाल्या, "हे बघ ठमे, मला काही झालं, कुणाला काही झालं, तरी मधून पळून यायचं नाही. आलीस तर दार उघडणार नाही."

"मग मी मागच्या दारानं चढेन," ठमी म्हणाली. "कंडक्टरला कोण अडवतंय?"

तिघं हसले होते. ठमीनं मात्र आईचा शब्द गाठीला बांधून नेला.

त्या घरात पहिल्याच दिवशी पैलवानानं तिचं नाव तिकीट ठेवलं. हा खरोखरचा पैलवान, टीव्हीवर कुस्त्या खेळणारा. मग तिकीट आलं, तिकीट झोपलं, तिकीट फाटलं, असं सुरू झालं. ठमीलाही गंमत वाटली. ती सकाळी न्हाणीघराच्या दारात उभी राहून ओरडायची, "रांगेत या, आतल्यांना आधी उतरू द्या." सगळे हसायचे, मामा-मामीही घरी हसायचे. मग एका जेवणाला ठमीनं बसमधल्या गोष्टी सांगितल्या. सुट्ट्या पैशांवरून लोक कसे भांडतात, ती दिवसातून कितीदा 'सुट्टे नाहीत' म्हणते. एक गाणारी बाई होती, तिनं लगेच ते उचललं. ठमीनं मीठ मागितलं, गाणारी म्हणाली, "सुट्टे नाहीत." पैलवान म्हणाला, "सुट्टे नाहीत." पूर्वी बातम्या देणारा एक जण होता, त्यानं तर बातमी वाचावी तसं गंभीर आवाजात सांगितलं. मीठ शेवटी ठमीनं उठून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहा मागितला, तेच. टॉवेल कुठाय विचारलं, तेच. पुढं पुढं ती कुणाशी बोलायला लागली की मागितलं असो नसो, उत्तर तेवढंच यायचं. आपापसात ती माणसं चांगली बोलायची, एकमेकांचे पाय चेपायची, एकमेकांच्या आठवणींनी रडायची. ठमीचा आवाज आला की सगळ्यांच्या तोंडी तेवढे दोन शब्द. कुणी हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही. एकदा ठमी न्हाणीघरात पाय घसरून पडली. आतून हाक मारली, "कुणीतरी या." बाहेरून तिघं म्हणाले, "सुट्टे नाहीत."

हे बघताना मामी मांडीवर गिऱ्हाइकाची पँट घेऊन बसलेल्या असायच्या. मामा म्हणायचे, "हा छळ आहे गं."

"चेष्टा आहे," मामी म्हणायच्या. "बसमध्ये लोक काय काय बोलतात तिला. तिथं टिकली की नाही?"

"बसमधला माणूस दोन स्टॉपनंतर उतरतो. हे उतरत नाहीत."

यावर मामी दोरा दातानं तोडायच्या. न्हाणीघराच्या त्या भागानंतर त्यांनी ताट बाजूला सारलं. तरी सकाळी उठून म्हणाल्या, "चेष्टाच आहे." मामांना कळत होतं. छळ म्हटलं असतं तर त्यात आपण पोरीला धाडलं हेही म्हणावं लागलं असतं. म्हणून मामांनी विषय वाढवला नाही.

तर मामी गेल्या त्या संध्याकाळी मामांनी चॅनेलला फोन लावला. घरच्यांशी बोलायला त्यांनी एक मॅडम नेमून दिल्या होत्या. मॅडम भल्या होत्या. त्यांचा आवाजच बसला ऐकून. मग म्हणाल्या, "मामा, कसं सांगू तुम्हाला. आत जाण्याआधी आम्ही प्रत्येकाला विचारतो, घरी काही वाईट घडलं तर कळवायचं का. तुमच्या मुलीनं नाही म्हणून सांगितलंय. कॅमेऱ्यासमोर."

"ते तिच्या आईनं तसं म्हणायला लावलं म्हणून."

"का म्हणाली ते आम्ही कसं ठरवणार? मोठी आहे ती, शहाणी आहे."

"मॅडम, तिची आई गेलीय."

"हो मामा."

"ती रोज आईसाठी कॅमेऱ्यात बघते."

 मॅडम हळूच म्हणाल्या, "एक वाट आहे. आत कुणाचा छळ होतोय असं आमच्या डॉक्टरांनी ठरवलं, तर त्या माणसाला बाहेर आणतात. कॅमेरे नाहीत, कुणी नाही, घरचं माणूस भेटू शकतं. पण ते छळच ठरायला हवं."

मेहुणी शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "ताईचीच इच्छा होती, दाजी. पोरीनं पूर्ण करून यावं. नका मधे पडू."

"तिची इच्छा तिच्याबरोबर गेली," मामा म्हणाले. ऐकून मेहुणी रडायला लागली, आणि मामांना आपण काय बोललो ते कळेना.

चॅनेलचं ऑफिस म्हणजे काचेची उंच इमारत. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी राहिली होती. मॅडमनी त्यांना एका खोलीत नेलं. मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई तिथं होत्या आणि समोर मोठा पडदा. बाईंनी आधी मामींबद्दल दोन शब्द विचारले, ते वरवरचे नव्हते. मग त्यांनी एकेक तुकडा लावायला सुरुवात केली.

ठमी चमचा मागते. "याला तुम्ही छळ म्हणाल का, मामा?"

"एवढ्याला नाही," मामा म्हणाले.

मीठ. "याला?"

"नाही."

ठमी सकाळी उठून म्हणते, झोप लागली का सगळ्यांना? "आणि याला?"

 "नाही," ते म्हणाले. एवढ्याशा गोष्टीला छळ म्हणायला त्यांची जीभ वळेना.

"न्हाणीघरात पडली होती ती," ते म्हणाले. "ते लावा."

ते लावलं. पुढचं मामांनी घरी पाहिलं नव्हतं, कार्यक्रमात ते दाखवलंच नव्हतं. ठमी लंगडत बाहेर येते, पैलवान उठतो, तिच्या घोट्याला बर्फ लावतो, म्हणतो, "अगं पडलीस होय, आम्हाला काय माहीत. चुकलं." ठमी म्हणते, "राहू दे रे." आणि मग पैलवान बर्फ ठेवायला जातो तेव्हा ती विचारते, "जरा पाणी आणतोस?" पैलवान वळून बघतो, त्याच्या तोंडावर हसू फुटतं, आणि तो ते दोन शब्द म्हणतो. ठमीही हसते.

"बघा, तीही हसतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी दर आठवड्याला तिच्याशी बोलते. ती म्हणते, त्रास नाही. मी तिच्या तोंडात शब्द कसे घालू?"

"बाई, तुम्ही एकेक करून विचारताय. एकेक म्हटलं तर त्यात काहीच नाही, मलाही दिसतंय. पण तिला एकेक मिळत नाही ना. तुम्ही असं करा, या इमारतीतल्या सगळ्यांना सांगा, आज हा म्हातारा काहीही विचारेल, त्याला तेवढंच उत्तर द्या. लिफ्टवाल्यानंसुद्धा. संध्याकाळी मला विचारा, छळ आहे का."

मॅडमच्या ओठांवर नकळत हसू आलं आणि त्यांनी ते लगेच पुसलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली, मग मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "मामा, अजून एक आहे. तुमच्या घरी आमची माणसं आली होती ना, शूटिंगला. ते इथं आहे. बघवेल का तुम्हाला?"

मामा हो म्हणाले. काय लावणार आहेत ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

पडद्यावर मामी आल्या. घरातल्या खुर्चीत बसलेल्या, नवे कपडे, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. कुणीतरी विचारतं, तुमच्या मुलीला आत त्रास देतात असं वाटतं का? मामी हसतात. "छे हो. चेष्टा आहे. चार माणसांत चेष्टा व्हायचीच. आमची ठमी असल्यांना पुरून उरेल. ठमे, खुशाल खेळ गं. मी बघतेय." शेजारी मामा बसलेले, अर्धे चौकटीबाहेर. मामी बोलतात तशी मामांची मान होकारात हलतेय.

"हे आम्ही तिला दाखवलं," मॅडम म्हणाल्या. "बक्षीस म्हणून. घरच्यांचा निरोप. तेव्हापासून ती कुणाबद्दल अवाक्षर बोलत नाही. खुद्द आईच जर म्हणत असेल..."

"पुन्हा लावा," मामा म्हणाले.

त्यांनी पुन्हा लावलं.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा मामा ऐकतच नव्हते. टेपचं एक टोक खुर्चीच्या हातावर लोंबत होतं आणि मामी बोलताना ते बोटाला गुंडाळत होत्या, तेवढंच ते बघत होते. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. छळ नाही, हा निकाल त्या खोलीत असा लागला. कुणी मोठ्यानं बोललंही नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी कार्यक्रम चालवणारा झुळझुळीत कोटातला माणूस पडद्यावर आला आणि जड आवाजात म्हणाला, एक दुःखाची गोष्ट सांगायची आहे. ठमीची आई गेली. ठमीला माहीत नाही, तिच्याच इच्छेप्रमाणं तिला कळवलेलं नाही. घरातल्या कुणालाच नाही. आता बळ द्यायचं ते तुम्ही.

लोकांनी बळ दिलं. इतकी मतं कुणाला कधी पडली नव्हती म्हणे. रोज जेवण झालं की ठमी स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यासमोर येऊन कानाची पाळी ओढायची. पोटभर जेवले, अशी ती आईला लहानपणापासूनची खूण. बसच्या पहिल्या फेरीला जाताना खिडकीतूनही करायची. आधी ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता सगळे तेवढ्यासाठी थांबायचे. दुकानात, बसथांब्यावर अनोळखी बायका मामांना बघून डोळे पुसायच्या. जिला कळायला हवं ती सोडून सगळ्या दुनियेला कळलं होतं.

मामांनी मग एक केलं. ते गल्लीत दारोदार फिरले. म्हणाले, माझ्या पोरीला मतं देऊ नका. मतं पडली नाहीत तर ती बाहेर येईल, बाहेर आली की मी तिला सांगेन. एवढं करा.

वह्यापुस्तकांच्या दुकानदारानं त्यांना स्टुलावर बसवलं. "मामा, तुम्ही आधी दोन घास खाता का काही? मामी माझ्याकडं रोज यायच्या मतं द्या म्हणून सांगायला. आता त्या नाहीत तर मी मागं घेऊ? कुठल्या तोंडानं?"

वरच्या मजल्यावरची म्हातारी म्हणाली, "देणार. माझ्या दोन्ही फोनवरची मतं तिलाच."

मेहुणीला कळलं तेव्हा ती भांडायलाच आली. "दाजी, लोक म्हणतायत तुमच्या डोक्यावर परिणाम झाला. पोरगी पहिली आहे मतांत. पहिली. ताईनं आयुष्यात एवढं एकच मागितलं होतं."

"तू तिथं बसून बघ एकदा," मामा म्हणाले. "काहीही विचार आणि बघ."

"त्यांना नाही माहीत ताई गेलेली. माहीत असतं तर बोलले असते का?"

"आई जिवंत असलेल्या पोरीला बोललेलं चालतं?"

मत मात्र मेहुणीनं दिलंच.

आणि मग मॅडमचा फोन आला. घरच्यांच्या भेटीचा दिवस होता, प्रत्येकाकडं एक माणूस आत जाणार. ठमीकडं तुम्ही याल का? अट एकच. तिनं नको म्हटलेली गोष्ट तुम्ही सांगायची नाही. मामांनी अट मान्य केली. सांगायचंच, हे त्याच क्षणी त्यांनी मनाशी पक्कं केलं. अडवून अडवून काय अडवतील, तोंड तर धरणार नाहीत. आत जायचं, सांगायचं, तिचा हात धरायचा आणि बाहेर यायचं.

ते घर टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा लहान होतं. रंग मात्र डोळ्यांत खुपणारे. मामांच्या कॉलरला माइक लावून त्यांना दारातून आत सोडलं. पैलवान धावत आला आणि त्यानं मामांना अलगद बाकावर बसवलं. गाणारीनं चहा आणला. बातम्यावाला म्हणाला, "काका, तुमची मुलगी म्हणजे या घराची जान आहे." खोटं बोलत होते असं मामांना वाटलं नाही. ती चांगली, हसरी माणसं होती.

ठमी आतून आली. वाळली होती. एरवी लांबूनच हाक मारणारी पोरगी जवळ येईपर्यंत काही बोलली नाही. मामांच्या गळ्यात पडली आणि मग शेजारी बसली. बाकीचे शहाण्यासारखे स्वयंपाकघराच्या ओट्याकडं गेले.

"बाबा, बारीक झालात."

"तूही."

"आई का नाही आली?"

मामांनी तोंड उघडलं. पण आधी ठमीनंच बोलायला सुरुवात केली, अगदी हळू, ओठ न हलवता. "बाबा, एकदा मी फार वाईट विचार करून बसले होते. दार आतून लावून. त्याच दिवशी आईचा तो निरोप दाखवला. आई म्हणाली, चेष्टाच आहे. मग म्हटलं, आईला दिसतंय ना सगळं? ती म्हणतेय तर चेष्टाच. ते धरून बसलेय मी."

मामांनी हातातला चहा खाली ठेवला. पोरगी ज्याला धरून उभी होती तेच काढून घ्यायला ते आले होते.

"चल ठमे," ते म्हणाले. "घरी चल. आत्ता, माझ्याबरोबर."

"आईनं सांगितलं? आई म्हणाली असेल तर ही बघा, उठले."

ती खरंच उठून उभी राहिली. मामांना वाट दिसली. "हो," ते म्हणाले. "आईनंच सांगितलंय. म्हणाली, पुरे झालं, घेऊन या तिला."

ठमीनं त्यांच्याकडं बघितलं. मग तिचे खांदे उतरले आणि ती पुन्हा बसली. "बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. आईला सांगायचं असतं तर ती स्वतः आली असती. तुम्हाला थोडीच पाठवलं असतं?" तिनं त्यांच्या गुडघ्यावर थापटलं. "तुम्हाला बघवत नाही, मला कळतंय. पण दार नाही उघडणार ती."

आता खरं सांगण्याशिवाय काही उरलं नव्हतं.

"ठमे, आई येऊ शकत नाही."

"का?" ठमीनं विचारलं. या वेळी तिचा जुना भोंग्याचा आवाज लागला, सगळ्या घराला ऐकू जाईल असा.

ओट्याकडून तिघं म्हणाले, "सुट्टे नाहीत."

सवयीनं म्हणाले. त्यांच्यातल्या एकानं लगेच जीभ चावली, पाहुणा बसलाय म्हणून. पण हसू फुटलंच. आणि ठमीही हसली. ते तिचं घरचं हसू नव्हतं. ओठ तेवढे ताणले गेले, डोळे होते तसेच राहिले. हे हसणं ती इथं शिकली होती.

मामांच्या तोंडात शब्द होते. आई गेली. दोनच शब्द. पण या घरात ते बोलले आणि तिकडून पुन्हा तेच उत्तर आलं तर? कळायच्या आधी, निव्वळ सवयीनं आलं तर? ठमीला आईचं मरण आणि ते उत्तर जन्मभर एकत्रच ऐकू आलं असतं. मामांनी जबडा आवळला.  शब्द वर येईनात.

"कामाचा ढीग पडलाय दुकानात," ते म्हणाले.

हे मात्र ठमीनं खरं मानलं. दुकानात ढीग पडलेलाच होता.

भोंग्यातून आवाज आला, भेट संपली. ठमीनं त्यांना दारापर्यंत सोडलं. कानाची पाळी ओढली. "हे आईला सांगा," म्हणाली.

बाहेर मॅडम उभ्या होत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "तुम्ही अट पाळलीत," त्या म्हणाल्या. "फार मोठं मन आहे तुमचं."

"मी पाळली नाही," मामा म्हणाले. "मला बोलता आलं नाही. तिघं जण एकदा हसले मॅडम, एकदा, आणि माझं तोंड बंद झालं. ती तिथं राहतेय. हे लिहून घ्या तुमच्या डॉक्टरीणबाईंसाठी."

"पण मामा, त्यांना कुठं माहीत होतं? माहीत असतं तर ते असं वागलेच नसते."

"तेच म्हणतोय मी. म्हणजे असं वागू नये हे कळतंय सगळ्यांना."

मॅडमना ते कळलं की नाही, मामांना सांगता येत नाही. त्यांनी गाडी मागवून दिली.

मामा पुन्हा दोनदा त्या इमारतीत गेले. खाली बाकावर बसवून ठेवलं, चहा दिला, वर नेलं नाही. रोलरवर त्यांची पाळी चालू आहे. मामींच्या दुकानाला कुलूप आहे, लोकांचे कपडे आत तसेच आहेत. कार्यक्रम अजून संपलेला नाही. ठमी मतांत पहिली आहे. तिच्या आईची बातमी तिला सांगायची राहिली आहे.